कॅसिनोतली शेती

पोलंड म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मादाम क्युरी, कोपर्निकस, दुसरं महायुद्ध, आणि रात्र रात्र जागून फुटबॉल बघणाऱ्यांना लेवानडोव्स्की. कोल्हापूरकडच्या मुलामुलींना कदाचित वळिवडेही आठवेल, कारण १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. शेती मात्र कुणालाही आठवणार नाही. मलाही आठवली नसती. सेमिनारसाठी मी जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर वाचत होते. अशी इंजिनं परवान्यावर बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये एक नाव सापडलं : एच. त्सेगिएल्स्की, पोझनान. हा कोण बुवा, म्हणून शोधायला गेले तर कळलं की हा गृहस्थ ग्रीक भाषेचा मास्तर होता आणि त्याचा कारखाना नांगरांवर उभा राहिला! त्याचे नांगर विकत घेणारे कोण, तर शेतीसुधारणेसाठी मंडळं काढून बसलेले जमीनदार. मग सेमिनार राहिला बाजूला आणि मी या जमीनदारांच्या मागे लागले.

जमीनदार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला मिशीवाला येतो. तो शेतकऱ्याला लुबाडतो, त्याला खत-बियाण्यांवर व्याख्यान देत नाही. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर सांगावंसं वाटलं. नावांचे उच्चार अवघड आहेत, पण थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातली जर्मन नावं आपण पचवतोच की.

आधी थोडा इतिहास. एकोणिसाव्या शतकात पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघा शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला. तो परत उभा राहिला थेट १९१८ साली. मधल्या काळात १८३० आणि १८६३ चे मोठे उठाव झाले, दोन्ही चिरडले गेले. पोलिश माणसाच्या हातात आपलं म्हणण्यासारखं जे उरलं त्यात सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जमीन, आणि ती मुख्यतः जमीनदार घराण्यांकडे होती. पण ही जमीनही सुखात नव्हती. नेपोलियनच्या लढायांनी इस्टेटी कर्जात बुडाल्या होत्या. त्यात १८१५ मध्ये इंग्लंडने धान्याच्या आयातीवर कायद्याने बंधनं घातली, आणि पोलिश धान्याचं एक जुनं गिऱ्हाईक गेलं. कर्ज फिटलं नाही की इस्टेट लिलावात. प्रशियाच्या वाट्याच्या भागात, म्हणजे पोझनानच्या आसपास, लिलावात घेणारा बऱ्याचदा जर्मन असायचा. म्हणजे एका जमीनदाराचं दिवाळं वाजलं की तेवढा पोलंड कमी झाला, असा हिशोब होता.

पोझनानकडच्या लोकांनी यावर जो मार्ग काढला त्याला ते म्हणत 'ऑर्गॅनिक काम'. याचा सेंद्रिय शेतीशी काही संबंध नाही बरं का. समाज म्हणजे एक शरीर, आणि त्याचा प्रत्येक अवयव धडधाकट पाहिजे, असा त्याचा अर्थ. बंदुकीने जमत नसेल तर शाळा, पतसंस्था, दुकानं आणि शेती यांनी टिकून राहायचं.

यातलं पहिलं मोठं नाव देझिदेरी ख्वापोव्स्की (१७८८–१८७९). हा नेपोलियनच्या हाताखाली घोडदळात होता, त्याचा एडीसीही होता. लढायांतून मोकळा झाल्यावर १८१८-१९ च्या सुमारास तो इंग्लंडला गेला. फिरायला नाही, तिथली शेती शिकायला. परत येऊन त्याने पोझनानच्या दक्षिणेला तुरेव या आपल्या गावी जे पाहिलं ते करायला सुरुवात केली. काय पाहिलं होतं त्याने?

पोलंडमध्ये तोपर्यंत शतकानुशतकं चालत आलेली पद्धत होती तीन वाट्यांची. एका वाट्यात हिवाळी धान्य, दुसऱ्यात उन्हाळी धान्य, आणि तिसरा वाटा पड. दर वर्षी एक तृतीयांश जमीन रिकामी! जमीन थकते, तिला विसावा द्यावा लागतो, हे सगळ्यांना माहीत होतं. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यातले शेतकरी मात्र पड ठेवतच नव्हते. त्यांचं चक्र चार वर्षांचं होतं : एक वर्ष सलगम, मग जव, मग क्लोव्हर, मग गहू. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडे दुभत्या जनावरांना घालतात त्या बरसीमचीच बहीण. आपले शेतकरी ज्याला बेवड म्हणतात, म्हणजे आधीच्या पिकाचा पुढच्या पिकाला होणारा फायदा, त्याचंच हे पक्कं वेळापत्रक.

हे चक्र इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तर एकदम आवडून जातं, कारण तो सरळ फीडबॅक लूप आहे. क्लोव्हर आणि सलगम हा चारा. चारा भरपूर झाला की जनावरं रानात मोकाट न सोडता गोठ्यात बांधून पोसता येतात. गोठ्यात बांधली की शेण एका जागी गोळा होतं. शेणखत शेतात गेलं की गहू वाढतो. सलगम किंवा बटाटा ओळीत लावायचा, त्यामुळे मधून खुरपणी होते आणि तण आपोआप निघतं. शिवाय क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत धरून ठेवतात. गंमत म्हणजे हे शेवटचं कारण ख्वापोव्स्कीला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. शेंगावर्गीय पिकं हवेतला नायट्रोजन वापरतात हे हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं १८८६ मध्ये, म्हणजे तुरेवला क्लोव्हर पेरल्यानंतर साठेक वर्षांनी. थिअरी मागाहून आली, प्रॅक्टिकल आधीच चालू होतं.

त्याची दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. पोझनानचा प्रदेश सपाट आणि कोरडा. पाऊस वर्षाला सुमारे ५०० ते ५५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्यात पडतो साधारण तेवढाच. सपाट रानावरून वारा सुसाट येतो, वरची माती उडवतो आणि ओल शोषून घेतो. ख्वापोव्स्कीने शेतांच्या कडेने झाडांचे लांब पट्टे लावले. रोबिनिया आणि इतर जातींची झाडं. शेजाऱ्यांना वाटलं असेल की चांगली जमीन झाडांत घालवतोय. पण वारा अडवायला भिंतीपेक्षा झाडांची रांग बरी, हे फ्लुइड मेकॅनिक्स शिकलेल्याला लगेच पटेल. भक्कम भिंत असली की वारा वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करतो. झाडांच्या फटींतून थोडा वारा गाळून जातो, त्यामुळे भोवरे कमी होतात आणि पट्ट्याच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत वाऱ्याचा वेग मंद राहतो.

१८३०-३१ च्या उठावात हा माणूस पुन्हा घोड्यावर बसला, लिथुआनियात लढला, हरला आणि प्रशियाने त्याला स्टेटीनच्या तुरुंगात टाकलं. तिथे बसून त्याने शेतीवर पुस्तक लिहिलं, ते १८३५ मध्ये प्रसिद्ध झालं. सुटल्यावर तुरेव म्हणजे एक शेतीशाळाच झाली. दूरदूरची जमीनदारांची मुलं शिकायला यायची, आणि त्यांना शेतावरची कामं स्वतःच्या हाताने करावी लागायची. वर्कशॉपमध्ये फायलिंग करून हाताला फोड आणणाऱ्या आपल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना यात समाधान वाटेल.

त्याच वर्षी, १८३५ मध्ये, जवळच्या गोस्तिन गावात जमीनदारांनी एक मंडळ काढलं. नाव काय? 'गोस्तिनचं कॅसिनो'! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं की पत्ते कुटत बसायचे. पण त्या काळी कॅसिनो म्हणजे क्लब. इथे शेतीचा एक विभाग होता, साहित्याचा एक होता. सभासद जमून कोणतं बी कुठे चाललं, कोणतं औजार कामाचं आणि कोणतं नुसतं दिखाऊ यावर चर्चा करायचे. राजकीय सभा घेणं धोक्याचं होतं. शेणखताच्या सभेला पोलीस काय म्हणणार? आणि चाळीस जमीनदार शेणखतावर एकत्र बसायला शिकले की उद्या इतर कशावरही बसू शकतात. प्रशियाच्या सरकारलाही हे कळत होतं. १८४६ मध्ये पोझनानमध्ये उठावाचा कट उघडकीला आला, धरपकड झाली, आणि त्याच वर्षी हे कॅसिनोही बंद पडलं.

आता आपला ग्रीकचा मास्तर. हिपोलित त्सेगिएल्स्की (१८१३–१८६८) पोझनानच्या शाळेत शिकवत होता. बर्लिनची डॉक्टरेट, व्याकरणावर आणि काव्यशास्त्रावर लेखन, एकूण पुस्तकी माणूस. १८४६ च्या त्याच धरपकडीत सरकारने शिक्षकांना हुकूम दिला की विद्यार्थ्यांच्या खोल्यांची झडती घ्या. त्सेगिएल्स्कीने सरळ नकार दिला. (हॉस्टेलवाल्यांनो, टाळ्या!) नोकरी गेली. मग या भाषापंडिताने काय करावं? त्याने लोखंडी सामानाचं दुकान टाकलं.

दुकान टाकलं ते 'बाझार'मध्ये. हीही याच मंडळींची करामत. कारोल मार्चिन्कोव्स्की नावाच्या डॉक्टरने जमीनदारांकडून भागभांडवल जमा करून पोझनानमध्ये एक मोठी इमारत उभी केली होती. वर हॉटेल आणि सभागृह, खाली पोलिश व्यापाऱ्यांना दुकानगाळे. खेड्यातला जमीनदार शहरात आला की इथेच उतरणार, म्हणजे गिऱ्हाईक आयतं दारात. त्सेगिएल्स्कीच्या दुकानात नांगर विकत घ्यायला लोक येत, तसे मोडलेले नांगर घेऊनही येत. म्हणून त्याने दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं. दुरुस्ती करता करता परदेशी औजारांत काय मोडतं आणि का मोडतं हे कळलं. मग स्वतःच बनवायला लागला. १८५० च्या दशकात त्याचा शेती-औजारांचा रीतसर कारखाना उभा राहिला, पुढे तिथे वाफेची फिरती इंजिनंही होऊ लागली. १८५८ मध्ये त्याने शेतीची औजारं आणि यंत्रं यांच्यावर एक जाडजूड सचित्र पुस्तक लिहिलं. शेवटी मास्तरच तो, विकण्याआधी समजावून सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं त्याला. 'आफ्टर सेल्स सर्व्हिस' हा शब्द आपण मॅनेजमेंटच्या पेपरात लिहितो. माझ्या मते या माणसाचा सगळा धंदा त्यातूनच जन्मला.

पण इथे मला एक प्रश्न पडला. यंत्रं पोझनानमध्येच एवढी का खपली? पोलंडच्या रशियाकडच्या भागात जमीनदार काही कमी नव्हते, उलट जास्त आणि अधिक बडे. हुशारही होते. मग?

याचं उत्तर मला यंत्रात न सापडता मजुरीच्या हिशोबात सापडलं, आणि मला सांगायचंय ते मुख्यतः हेच. जुन्या पद्धतीत शेतकरी जमीनदाराच्या शेतावर आठवड्यातले ठरावीक दिवस वेठ करायचा. आपले बैल, आपला नांगर घेऊन यायचा आणि फुकट राबायचा. फुकट राबणारा माणूस कसा राबेल ते सांगायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण दुसऱ्याची शीट ज्या मनाने काढून देतो, त्याहून वाईट मनाने! अशा माणसाच्या हातात इंग्लिश नांगर दिला तरी तो पंधरा दिवसांत मोडणार. आणि जमीनदार तरी महागडं मळणी यंत्र का घेईल? इनपुट फुकट असेल तर एफिशियन्सी कोण बघतं? प्रशियाच्या भागात १८२३ च्या कायद्याने वेठ संपवायला सुरुवात झाली. ज्यांच्याकडे पुरेशी जमीन होती ते शेतकरी मोबदला देऊन मालक झाले. (ज्यांच्याकडे तेवढी नव्हती ते शेतमजूर झाले, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्यासाठी हा कायदा म्हणजे काही दिवाळी नव्हती.) आता जमीनदाराला रोख मजुरी मोजावी लागली, आणि मजुरी मोजावी लागली की यंत्राची किंमत परवडू लागते. ख्वापोव्स्कीनेही आपल्या शेतीचा गाडा वेठीवरून काढून मजुरीवर आणला होता. क्लोव्हर, झाडांचे पट्टे, लोखंडी नांगर हे सगळं त्याच्यानंतर.

रशियाच्या ताब्यातल्या भागात, म्हणजे वॉर्सोकडे, उलट झालं. तिथे १८०७ मध्येच शेतकऱ्याला कायद्याने स्वतंत्र केलं होतं, पण जमीन काही दिली नव्हती. पोलिश लोक कडवटपणे म्हणत की पायातल्या बेड्या काढल्या आणि त्याबरोबर बूटही काढून नेले. वेठ चालूच राहिली.

तिथलं मोठं नाव काउंट आंद्रेय झामोयस्की (१८००–१८७४). हा एडिंबरोत शिकलेला. आपल्या गावांत त्याने वेठीऐवजी खंड सुरू केला. १८४८ पासून व्हिस्चुला नदीवर वाफेच्या बोटी चालवल्या. १८४२ पासून शेतीवरचं एक नियतकालिक सुरू केलं, आणि १८४३ पासून आपल्या क्लेमेन्सोव्हच्या वाड्यावर जमीनदारांना बोलावून शेतीच्या बैठका घेतल्या. कल्पना करा, दूरदूरहून बग्ग्यांतून आलेले पाहुणे पीक आणि गुरं बघत हिंडताहेत. झारच्या राज्यात याहून जास्त काही करायला परवानगीच नव्हती. अखेर नवा झार आल्यावर थोडी हवा मोकळी झाली आणि १८५८ मध्ये पोलिश राज्याचं 'कृषी मंडळ' वॉर्सोत सुरू झालं. अध्यक्ष अर्थातच झामोयस्की. सभासद वाढत वाढत चार हजारांच्या घरात गेले. प्रदर्शनं, स्पर्धा, अहवाल, सगळं जोरात. देशाला संसद नव्हती, त्यामुळे लोक या मंडळाकडेच संसद म्हणून बघू लागले.

आणि संसदेसमोर खरा प्रश्न आलाच : शेतकऱ्याला जमीन द्यायची की नाही? सगळ्या निबंधांच्या, बियाण्यांच्या, जातिवंत मेंढ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न होता. मंडळाने फेब्रुवारी १८६१ च्या अधिवेशनात ठरवलं की वेठीचं खंडात रूपांतर करायचं आणि पुढे मोबदला घेऊन शेतकऱ्याला मालक करायचं. ठीक. पण अधिवेशन चालू असतानाच बाहेर वॉर्सोच्या रस्त्यांवर मोर्चे निघत होते. २७ फेब्रुवारीला रशियन सैनिकांच्या गोळीबारात पाच जण मेले. ६ एप्रिलला सरकारने मंडळच बरखास्त केलं. निषेधाला जमलेल्या लोकांवर ८ एप्रिलला किल्ल्यासमोरच्या चौकात पुन्हा गोळीबार झाला, आणि त्यात शंभराच्या आसपास माणसं गेली असं मानलं जातं. एक शेतकी मंडळ बंद केलं म्हणून लोक रस्त्यावर आले आणि मेले, हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले.

पुढे १८६३ चा उठाव झाला. उठावाच्या पहिल्याच जाहीरनाम्यात शेतकऱ्याला जमीन देऊन टाकली होती. झारने काय करावं? उठाव चिरडता चिरडता २ मार्च १८६४ ला त्यानेही शेतकऱ्यांना जमीन दिली आणि श्रेय स्वतः घेतलं. वर्षानुवर्षं बैठकांत घोळलेला प्रश्न परक्या बादशहाने एका सहीने सोडवला. मला झामोयस्कीबद्दल आदर वाटतो, पण हे मंडळ फार उशिरा बोललं असंही वाटतं. मेंढ्यांच्या जातींवर एकमत व्हायला त्यांना एवढा वेळ लागला नसेल. (जाता जाता : १८६३ च्या सप्टेंबरात वॉर्सोतल्या झामोयस्की वाड्यातून रशियन गव्हर्नरवर बॉम्ब फेकला गेला. सैनिकांनी चिडून वाडा लुटला आणि सामान खिडक्यांतून खाली फेकलं, त्यात संगीतकार शोपँचा पियानोही होता. झामोयस्कीला तोवर देशाबाहेर घालवून झालं होतं.) त्या भागात एवढ्या मोठ्या पसाऱ्याचं शेतकी मंडळ पुन्हा उभं राहायला १९०७ साल उजाडलं.

मंडळाबरोबर आणखी एक गोष्ट त्या धामधुमीत गेली. वॉर्सोजवळ मारिमोंत इथे १८१६ पासून शेतीचं सरकारी कॉलेज होतं, युरोपातल्या सुरुवातीच्या अशा कॉलेजांपैकी एक. तेही १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झालं. तिथल्या यास्त्शेम्बोव्स्की या प्राध्यापकाने १८५७ मध्ये कामाच्या शास्त्रावर एक लेखमाला लिहिली आणि त्या शास्त्राला ग्रीक शब्द जोडून नाव दिलं : अर्गोनॉमिक्स. आपल्या प्रॉडक्शनच्या सिलॅबसमधला हा शब्द असा एका शेतकी कॉलेजातून आलेला आहे. व्हायवाला कुणी विचारलं तर सांगा, एक्स्टर्नल खूश होतील.

ऑस्ट्रियाच्या वाट्याच्या गॅलिशियाबद्दल थोडक्यात. तिथेही ल्वूव आणि क्राकोव्ह या दोन्ही शहरांत १८४५ मध्येच जमीनदारांची शेतकी मंडळं निघाली. आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८४६ मध्ये, पश्चिम गॅलिशियातल्या शेतकऱ्यांनी वेठीच्या संतापात शेकडो वाडे लुटले आणि हजारेक माणसं मारली. बहुतेक जमीनदार आणि त्यांचे कारभारी. एका बाजूला मंडळात पीक-फेरपालटावर निबंध, दुसऱ्या बाजूला हे! पुढे १८४८ मध्ये वेठ संपली, ल्वूवजवळ दुब्लानीला १८५६ मध्ये चांगली शेतीशाळा निघाली, पण गरिबी हटली नाही. १८८८ मध्ये श्चेपानोव्स्की नावाच्या इंजिनिअरने गॅलिशियाच्या दारिद्र्याचे आकडे मांडणारं पुस्तक लिहून खळबळ उडवली. हा आधी लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीला होता, म्हणजे दारिद्र्याचे आकडे कसे मांडायचे ते तो आपल्यावरच शिकला असणार.

परत पोझनानकडे. ज्या १८६१ मध्ये वॉर्सोचं मंडळ बंद झालं, त्याच वर्षी पोझनानमध्ये 'केंद्रीय आर्थिक मंडळ' सुरू झालं. लहान लहान तालुका-मंडळं त्यात एकत्र आली. उभारणीत त्सेगिएल्स्की होताच. प्रशियात निदान कायद्याने मंडळ काढायचा हक्क होता, सरकारला आवडो न आवडो. पण सुरुवातीला इथेही जमीनदारच जमीनदारांना सल्ला देत होते. लहान शेतकऱ्याची पहिली पोलिश संघटना त्यांच्यामुळे निघालीच नाही. ती निघाली १८६२ मध्ये उत्तरेकडे पोमेरेनियात, पियासेच्नो गावी, युलियुश क्राझेविच या शेतकऱ्याच्या पुढाकाराने. जमीनदारांचं श्रेय एवढंच की त्यांनी ही कल्पना ओळखली आणि उचलली.

१८७३ मध्ये मंडळाने माक्सिमिलियान यात्स्कोव्स्की (१८१५–१९०५) या जमीनदाराला गावोगावच्या शेतकरी मंडळांचा पालक नेमलं. साठीला आलेला हा माणूस पुढची पंचवीस-सत्तावीस वर्षं गावं फिरत राहिला. १९०० पर्यंत गावमंडळांची संख्या दोनशेच्या वर गेली. या मंडळांचं काम कसं चालायचं ते मला फार शिकण्यासारखं वाटलं. व्याख्यानं असायचीच, पण मुख्य कार्यक्रम म्हणजे शिवारफेरी. सगळे सभासद मिळून एकेकाच्या शेतावर जायचे, गोठा बघायचे, खताचा खड्डा बघायचे, पीक बघायचे, आणि मग मालकाच्या तोंडावर सांगायचे की हे चांगलं आहे, हे वाईट आहे. शहाण्या माणसाच्या भाषणाने जे होत नाही ते शेजाऱ्यासमोर शरम वाटून होतं! शिवाय खतं आणि बियाणं एकत्र खरेदी करायचे. श्टासफुर्टच्या खाणींतलं पोटॅशचं मीठ तिथल्या वाळूसारख्या हलक्या जमिनीला मानवतं, पण एका शेतकऱ्याला दोन पोती कोण पाठवणार? पन्नास जणांची मागणी एकत्र केली की वॅगनच भरते. उधारीसाठी पतसंस्था होत्या, त्यांचा मोठा जाणता वावझिन्याक नावाचा एक पाद्री होता. गावाचा धर्मगुरू, गावाचा जमीनदार आणि गावाचे शेतकरी एका बाकावर. अर्थात बाकावर मध्यभागी कोण बसायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि भूमिहीन मजुराला तर बाकच नव्हता.

याचा कस लागला १८८६ मध्ये. बिस्मार्कच्या सरकारने 'वसाहत आयोग' नेमला आणि त्याच्या हाती दहा कोटी मार्क दिले. काम एकच : पोलिश इस्टेटी विकत घ्यायच्या, तुकडे पाडायचे आणि जर्मन शेतकरी आणून बसवायचे. तीस-चाळीस वर्षांपूर्वी असं झालं असतं तर कर्जबाजारी जमीनदारांनी रांग लावली असती. आता पोलिश पतसंस्था आणि जमिनी घेऊन तुकड्यांनी विकणाऱ्या पोलिश बँका समोरून बोली लावू लागल्या, आणि त्यांच्याकडून जमीन घ्यायला पैसे साठवलेला, पीक काढायला शिकलेला शेतकरी तयार होता. आयोगाने बरीच जमीन घेतली, त्यात काही पोलिश जमीनदारांनीही गुपचूप विकलेली होती. पण जर्मन मालकांकडूनही जमिनी पोलिश हातांत येत राहिल्या. सरकार चिडलं. १९०४ मध्ये असा कायदा केला की परवानगीशिवाय नवं घर बांधायचं नाही, आणि पोलिश शेतकऱ्याला परवानगी द्यायचीच नाही. त्यावर मिखाव द्झिमावा नावाच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीवर एक सर्कशीची गाडी आणून उभी केली आणि तिच्यात बिऱ्हाड थाटलं. चाकांवर आहे म्हणजे ते घर नव्हे! गाडी रोज थोडी हलवायची, की झालं. साऱ्या युरोपच्या वर्तमानपत्रांत ही गोष्ट गाजली. १९०८ मध्ये सक्तीने जमीन ताब्यात घ्यायचा कायदा झाला, तो १९१२ मध्ये वापरला तो फक्त चार इस्टेटींवर. दोन वर्षांत महायुद्ध लागलं.

पोलंड स्वतंत्र झाला, परत उद्ध्वस्त झाला, आणि सप्टेंबर १९४४ च्या हुकमाने जमीनदारच संपले. पोझनानकडे एकूण १०० हेक्टरवरच्या सगळ्या इस्टेटी सरकारजमा झाल्या आणि मालकांना घर सोडून जावं लागलं. ज्या शेतमजुरांना मंडळाच्या बाकावर जागा नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांना त्या वेळी त्या जमिनीचा तुकडा मिळाला. त्सेगिएल्स्कीच्या कारखान्याने पुढे रेल्वेची आणि जहाजांची इंजिनं बनवली, नांगर मागे पडले.

ख्वापोव्स्कीचे झाडांचे पट्टे मात्र राहिले. तुरेवच्या आसपासचा भाग १९९२ पासून त्याच्या नावाने संरक्षित उद्यान आहे, आणि गावात पोलिश विज्ञान अकादमीचं संशोधन केंद्र आहे. तिथले संशोधक शेतातल्या आणि झाडांच्या पट्ट्यांखालच्या भूजलाचे नमुने घेऊन तपासतात. शेतातलं जास्तीचं खत पाण्याबरोबर झिरपत पट्ट्याखालून गेलं की त्यातल्या नायट्रेटचा बराच मोठा भाग झाडांची मुळं आणि माती अडवून ठेवतात, असं त्यांना दिसलं आहे. रासायनिक खतं पोत्यांनी येण्याच्या कितीतरी आधी, वारा अडवायला म्हणून लावलेली ती झाडं होती.